नारळ आजारी पडला तर आधी शेंडा बघा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांपुढे हा नारळाचं काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. ज्यांच्या विहिरीवर दोन-चार नारळ आहेत त्यांनी हात वर करा. बघा, निम्मे हात वर! कापूस हातचा जातो त्या वर्षी याच झाडांवर घरात मीठ-मिरची येते. आणि झाड गेलं तर नवं फळायला पुन्हा सहा-सात वर्षं.

ज्वारीतली पोंगेमर तुम्ही ओळखता. पोंगा सुकतो, ओढला की हातात येतो. पण ज्वारी बाजूनं फुटवे देते. कपाशीचा शेंडा खुडला तर फांद्या फुटतात. नारळाला कोंब एकच. तो मेला की झाड संपलं. खोडाची जखमही आंब्या-लिंबासारखी साल धरून भरत नाही, जन्मभर तशीच राहते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकलो. पदवी घेऊन नवा नवा आलो होतो. एका मावशींचा नारळ पिवळा पडत होता. खालूनच बघून मी सांगितलं, युरिया घाला. त्यांनी उसने पैसे काढून पोतं आणलं. दोन महिन्यांत शेंडाच मोडून पडला. आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आणि तंतूंचे कोष. खोडातून तपकिरी रस गळताना मी पाहिला होता, पण मनावर घेतलं नव्हतं. मावशी रागावल्या नाहीत, चहा दिला. तो चहा अजून आठवतो.

म्हणून आधी बघा. फक्त खालच्या, जुन्या झावळ्या पिवळ्या असतील तर बहुधा खताची किंवा पाण्याची उपासमार. नवी झावळी कात्रीनं कापल्यासारखी पंख्यागत उलगडली तर गेंड्या भुंगा. मधला सुयरा ओढताच निघाला आणि घाण वास आला तर कोंब कुजतोय. खोडाला भोक, चोथा, तपकिरी रस असेल तर सोंड्या. खोडाला कान लावा, अळ्यांची कुरकुर ऐकू येते.

गेंड्या तुमच्याच उकिरड्यात वाढतो. शेणखत वर-खाली करा, पांढऱ्या जाड अळ्या वेचून मारा. शेंड्यातला भुंगा लोखंडी आकड्यानं ओढून काढा. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. हे टाळलं तर गेंड्यानं पाडलेल्या भोकातून सोंड्या शिरतो. चढायला खोडात खाचा पाडू नका. हिरवी झावळी खोडालगत तोडू नका, चार फूट देठ ठेवा.

कुजका कोंब लवकर सापडला तर सडकं सगळं खरवडून बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. भांडं मातीचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. जखमेवर पाणी पडू नये म्हणून झाकून ठेवा.

एक मात्र हात जोडून सांगतो. कपाशीचं उरलेलं औषध नारळावर ओतू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना किती घरांतली माणसं गेली ते आपण विसरलेलो नाही. आणि शहाळं तर आपण आजाऱ्याला पाजतो.

आता जेवणं होऊ द्या. मागच्या विहिरीवर एक रोगट झाड आहे, तिथं जाऊ. कोणाकडे लोखंडी आकडा असेल तर घेऊन या.