करवीर आणि इस्लामचे पदव्युत्तर अध्ययन



इस्लाम आणि मुस्लिम समाज यांचे पदव्युत्तर अध्ययन हा विषय अलीगढचा किंवा दिल्लीचा, करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, त्याचे काय प्रयोजन, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर ती गैरवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. अलीगढच्या विद्यापीठात १९५४ साली या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली. त्याआधी दोनच वर्षे, १९५२ साली, लाहोरास अध्यापन केलेल्या विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या पंडिताने कॅनडात मॉन्ट्रियल येथे अशीच संस्था स्थापिली, आणि शिकविणारांत व शिकणारांत निम्मे मुसलमान असावेत असा दंडक मनाशी धरला. ज्यांच्या धर्माविषयी बोलावयाचे ते वर्गात समोर बसलेले असले म्हणजे बोलणाराच्या जिभेला आपोआप लगाम बसतो, हे त्या गृहस्थाने अचूक ओळखले होते. परंतु मला आज निवेदन करावयाचे आहे ते निराळेच आहे. या अध्ययनाची जी सामग्री इतरत्र मुद्दाम धुंडाळावी लागते, ती आपल्या दारात पडून आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून हा विषय येथे शिकविला तर तो केवळ उसना पाठ होईल.

येथील पुरालेखागारात जाऊन जुन्या दफ्तराचा एखादा रुमाल सोडावा, वरच्या कागदाची घडी जपून उलगडावी, म्हणजे मोडी वळणात या धर्तीची मिती समोर येते: छ ७ रमजान, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ. छ ही चांद्र तिथीची खूण, सुहूर ही वर्षगणना. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार. मिळून अकराशे एकसष्ट. त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले की इसवी सन निघतो, तो १७६०-६१, म्हणजे पानिपतचा. आता यातील मौज पाहावी. आकडे अरबी, महिना हिजरी आणि म्हणून चांद्र. पण वर्ष मात्र सौर, आणि त्याचा आरंभ मोहरमात नव्हे, तर सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुणबी पेरणीच्या तयारीला लागतो तेव्हा! निव्वळ चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे, त्यामुळे त्यावर पिकाचा वसूल बांधता येईना. म्हणून चौदाव्या शतकात दक्षिणेत ही तडजोड रूढ झाली आणि मराठी राज्याने ती पुढे विनातक्रार चालविली. इस्लामी शासन या भूमीत कसे रुजले, याचा जो उलगडा या एका ओळीत होतो, तो मोठमोठ्या प्रबंधांच्या प्रस्तावनांतूनही क्वचितच होतो.

हे अरबी-फार्सी वाचण्याची विद्या कोल्हापुरास अपरिचित नाही. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. फार्सी शिकवून चरितार्थ चालविणारा मनुष्य मराठी छंदःशास्त्राचाही आधारस्तंभ होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. आज मात्र जवळच्या पन्हाळ्याच्या तीन दरवाजाखालून शेकडो लोक जातात. त्यावर आदिलशाही अमदानीचा फार्सी शिलालेख आहे, त्याखाली उभे राहून छायाचित्र काढतात, आणि तो वाचणारा शोधू गेल्यास सापडत नाही. ही स्थिती लाजिरवाणी आहे.

ग्रंथांइतकेच समाजाकडेही पाहिले पाहिजे, आणि येथे आपला प्रदेश विलक्षण समृद्ध आहे. आंबा घाट किंवा फोंडा घाट उतरून कोकणात जावे. तेथील मुसलमान बहुशः शाफिई मताचे, कारण त्यांचा संबंध सागरमार्गे अरब व्यापाऱ्यांशी आला. घाटमाथ्यावरचे, आपले, बहुतांशी हनफी. नमाजाचे तपशील निराळे, फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, ग्रंथ निराळे, भाषा निराळी. एका घाटाच्या अंतरात धर्मशास्त्राची दोन संप्रदायपीठे! देशावर बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी अशा व्यवसायनिष्ठ बिरादऱ्या आहेत. गावगाड्यात मुलाण्यास वतन होते व त्याचा हक्क लेखी नमूद असे. ‘मुसलमान समाज’ हा शब्द एकवचनी उच्चारणाऱ्या वक्त्यास, मग तो त्या समाजाचा कैवारी असो की वैरी, एवढ्या तपशिलानेच थोडा अडखळा यावा. मोहरमात कोल्हापुरातील तालमींत पंजे बसतात, त्यांत हिंदू मंडळींचा मोठा सहभाग असतो. कागलात गैबी पिराचा उरूस भरतो. बाबूजमाल दर्गा शहराच्या मध्यवस्तीत आहे. मात्र यालाच ‘हिंदु-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ म्हणून हार घालून मोकळे होण्याची आपल्याला खोड आहे, आणि त्यात अभ्यास बुडतो. तालमीत पंजा कोण बसवितो, मानाचा क्रम कोण ठरवितो, जमाखर्च कोणाच्या वहीत राहतो, आणि सुधारक मौलवी यास काय म्हणतात, हे विचारले म्हणजे अभ्यास सुरू होतो.

असा अभ्यास येथे होऊ शकतो, याला पुरावा आहे. राजाराम महाविद्यालयाशी व पुढे शिवाजी विद्यापीठाशी निगडित असलेल्या डॉ. विलास सांगवे यांनी जैन समाजाचे सर्वेक्षण करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तो समाजशास्त्रज्ञांत आजही प्रमाण मानला जातो. एका समाजाविषयी जे झाले ते दुसऱ्याविषयी का होऊ नये? शाहू छत्रपतींनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढले, आणि तेथील संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. त्यांनी कुराणाच्या मराठी भाषांतरासही उत्तेजन दिले. म्हणजे दरबारच्या दृष्टीने या समाजाची विद्या ही राज्याची बाब होती, खासगी मेहेरबानी नव्हे.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेचे बोलतो, कारण नुसत्या तक्रारीवर व्याख्यान संपविणे मला रुचत नाही. या अध्ययनाचा विभाग येथे निघाल्यास त्यात अध्यापकांच्या तीन जागा हव्यात: एक अरबी-फार्सीची, एक समाजशास्त्राची, आणि तिसरी मोडी दफ्तराची. पहिल्या दोन जागांना मंजुरी मिळेल, तिसरी काटकसरीच्या नावाखाली वगळली जाईल, हे मी आजच सांगून ठेवतो. आणि ती वगळली तर पहिल्या दोहोंवरचा खर्चही वाया जाईल, कारण फार्सी जाणणारा पण मोडी न वाचणारा विद्यार्थी मराठी मुलखातील इस्लामचा अर्धाच कागद वाचील. विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो. प्रवेशापूर्वी त्याच्यापुढे एक मोडी मिती ठेवावी, तिचा इसवी सन काढावयास सांगावे, आणि महिना व वर्ष यांच्या मापात फरक का, हे त्याला विचारावे.