मातृभाषेचा रकाना
(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



धाकट्याला पहिलीत घालायचे म्हणून आम्ही उभयतांनी बडोद्यातल्या शाळा पालथ्या घातल्या. एकीकडे सीबीएसई, दुसरीकडे आयबी आणि केंब्रिज.

आम्ही बँकेतली माणसे, आधी आकडेच मांडले. पहिलीची फी दोन लाख धरली आणि ती दर वर्षी दहा टक्के वाढली, तर आठवीत जवळजवळ चार लाख होते. बस आणि सहली वेगळ्या. आमचा पगार काही त्या वेगाने वाढत नाही. गुजरातेत २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १५ हजारांहून अधिक फी घेणाऱ्या खासगी प्राथमिक शाळेला ती समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. मंजूर आकडा कोणता, हे विचारायला आम्हाला संकोच वाटला. तुम्ही मात्र बेधडक विचारा.

शिकवण्यात फरक आहे, तो नाकारू नये. आयबीच्या प्राथमिक वर्गात पाण्यासारखा एखादा विषय धरून त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान गुंफतात. सीबीएसईत भर एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. पण २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर तिथेही खालच्या वर्गांत खेळ आणि कृतींवर भर देण्याचे ठरले आहे. शिवाय आमची बदलीची नोकरी; सीबीएसईची शाळा दुसऱ्या गावीही सापडते. आम्ही सीबीएसई घेतली.

चूक झाली ती पुढे, अर्ज भरताना. मातृभाषेच्या रकान्यात आम्ही 'गुजराती' लिहिले. प्रवेश सुरळीत व्हावा, एवढाच हेतू. मुलगा तर आजीशी मराठीतच भांडतो! आईंनी अर्ज वाचला, चष्मा काढून ठेवला आणि दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

एका रकान्याने काय होते, असे वाटेल. घटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना मुलांच्या मातृभाषांची नोंद घ्यायला सांगितले. आयबीच्या शाळेलाही आपले भाषाधोरण लेखी ठेवावे लागते आणि त्यात घरच्या भाषेचा विचार करावा लागतो. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली. त्याबद्दल आपली तक्रार नाही. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो, ती भाषा आपलीही आहे. पण ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तिथे मराठीचा एखादा तास मागायला आपण गेलो, तर मुख्याध्यापक आधी विचारणार, तुमची मुले किती? आणि त्यांच्या दप्तरी आपली मुले गुजराती.

आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला. दोन फेऱ्या पडल्या, एक प्रतिज्ञापत्र लागले, पण नोंद बदलली. त्या अर्जाची प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांनी आमच्यासारखेच लिहिले असेल, त्यांनी ती घेऊन जावी.