पित्ताची गोळी

मी वस्तीतली फॅमिली डॉक्टर. तुमच्यासारखीच घरातली पहिली पदवीधर.

‘नैराश्य आलंय’ म्हणत माझ्याकडे कुणी येत नाही. छातीत धडधडतं, झोप नाही, पित्त वाढलंय, असंच सांगतात. पहिली काही वर्षं मीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. आता तपासून झालं की विचारते : गेले दोन आठवडे मन उदास असतं का? कशातच रस वाटत नाही का? जीव द्यावासा वाटतो का, हेही. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

एक पोरगा म्हणाला, “मॅडम, हॉस्टेलमध्ये रँक विचारतात. म्हणजे जातच.” गोळी सुरू केली. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मध्येच सोडायची नाही, हे बजावलं. रँक विचारणाऱ्यांवर माझ्याकडे गोळी नाही. त्यांच्याविरुद्धचा अर्ज त्यानं माझ्याच टेबलावर बसून लिहिला.

रात्री दवाखाना बंद असतो. तेव्हा टेलि-मानस, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोला.