मद्य आणि पुरुषांच्या आत्महत्या

दारूचे दुष्परिणाम सांगतांना यकृताचा विकार, कर्ज व गृहकलह हीं नांवें सहज तोंडांत येतात. परंतु आत्महत्या या परिणामाचा उच्चार मात्र घराघरांतून टाळला जातो. २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. ते सारे मद्यपी होते असें अर्थातच नव्हे. तथापि पुरुषांच्या अशा मृत्यूंत मद्याचा वांटा केवढा असूं शकतो, हें रशियाच्या इतिहासावरून कळतें.

१९८५ च्या मे महिन्यांत सोव्हिएत सरकारनें मद्याविरुद्ध मोहीम उघडली. उत्पादन घटविलें, किंमती वाढविल्या, दुपारीं २ वाजेपर्यंत विक्री बंद ठेवली. १९८४ च्या मानानें १९८६ सालीं पुरुषांच्या आत्महत्या सुमारें एक-तृतीयांशानें घटल्या. स्त्रियांच्या सुमारें एक-पंचमांशानें. राजकीय सुधारणांची आशाही त्या काळीं लोकांत होती, हें खरें. परंतु पिण्याचें प्रमाण ज्यांच्यांत अधिक, त्या पुरुषांतच घटही अधिक झाली. पुढें घरोघर चोरट्या भट्ट्या लागल्या, बाजारांतून साखर नाहींशी झाली व मोहीम ढिली पडली. १९९१ सालीं संघराज्य मोडल्यावर रशियांतील तें प्रमाण पुन्हां वर चढलें.

असें कां व्हावें? मद्याचा घात दुहेरी आहे. अंमल चढतांच विवेकाचा लगाम सुटतो आणि क्षणिक उद्वेगाचें कृतींत रूपांतर होतें. वर्षानुवर्षांचें व्यसन झोप, नोकरी व आप्तेष्ट हिरावून घेऊन मन खिन्न करतें. त्यांतच, पुरुषानें रडूं नये, ही शिकवण! दुःख बोलण्याची चोरी झाली कीं तो तें पेल्यांत बुडवूं पाहतो. आणि पेला तें दुणावून परत करतो.

म्हणून पिणाऱ्याच्या तोंडून ‘आतां जगण्यांत अर्थ नाहीं’ असे शब्द निघाले, तर ‘दारू बोलते आहे’ म्हणून ते सोडून देऊं नयेत. शुद्धीवर आल्यावर त्याच्याजवळ बसून स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत रुजत नाहीं, उलट भार हलका होतो. तोंपर्यंत त्यास एकटें सोडूं नये व घातक वस्तु दूर ठेवाव्या. जुनें, भारी व्यसन एकाएकीं तोडणें धोक्याचें असतें, यास्तव डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारत सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. अब्रूच्या भयानें झांकलेलें दुःख वेळींच उघड झालें, तर एक कर्ता पुरुष वांचतो आणि त्याच्यासवें एक घरही वांचतें.