थंडीतल्या पाखरांसाठी चरबीचा लाडू



ब्रिटनमधली हिवाळ्याची रात्र लांबलचक असते.
ब्लू टिटसारख्या चिमुकल्या पाखराला ऊब टिकवायला भरपूर ऊर्जा लागते.
म्हणून तिथले पक्षीप्रेमी अंगणात चरबीचा लाडू टांगतात.

कृती सोपी आहे.
गुराची घट्ट चरबी, म्हणजे सुएट, मंद आचेवर वितळवायची.
चरबी एक वाटी.
ओट्स, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्याचा कूट मिळून दोन वाट्या.
दह्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला भोक पाडून सुतळी ओवायची.
वितळलेल्या चरबीत सगळं मिसळून त्यात ओतायचं.
मिश्रण थिजलं, की डबा उलटा टांगायचा.

मीठ मात्र मुळीच नको!

मांस भाजताना सुटलेली चरबीही नको.
ती मऊ असते, पिसांना माखते.
माखलेली पिसं पाणी अडवत नाहीत.

तेव्हा तिथल्या मराठी घरांनीही लक्षात ठेवावं:
चरबी घट्ट हवी, मीठ अजिबात नको.
आणि लाडू टांगावा तो थंडीतच, कारण उन्हात चरबी वितळते.