शिट्टी मारणारा माईक आणि हातातला रिमोट

कामं आवरून ऐकत असाल, नाहीतर भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज आपण बोलणार आहोत घरच्या ॲम्प्लिफायरबद्दल. टीव्हीशेजारी नाहीतर देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असतो तो डबा. पुढे चार-पाच नॉब, माईकची पिन घालायला दोन भोकं, पेन ड्राइव्ह लावायची जागा आणि सोबत एक छोटासा रिमोट. भजनाला, हळदीकुंकवाला, बारशाला आपण तो काढतो. आणि गटाच्या बैठकीलाही.

आमच्या गटात असाच एक आहे. एका सभासद वहिनीच्या घरचा. महिला सभेला आम्ही तो घेऊन गेलो होतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्यातल्या एक मावशी पहिल्यांदाच माईकवर बोलणार होत्या. वरच्या आळीतल्या नळाला चार चार दिवस पाणी येत नाही, हे त्यांना विचारायचं होतं. त्या उभ्या राहिल्या, माईक हातात घेतला, आणि माईकनं अशी शिट्टी मारली की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आम्ही रिमोट दाबतोय, दाबतोय, आवाज काही कमी होईना. दारातली माणसं हसली. "बायकांना माईक कशाला?" असं कुणीतरी म्हणालंही. मावशी खाली बसल्या. पाण्याचा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच राहिला.

पुढच्या बैठकीत ठरत आलं होतं, की हा डबा खराब झाला, गटाच्या पैशातून नवा घेऊ. तेवढ्यात एकजण म्हणाली, "आधी हा नीट बघू तरी." मग आम्ही बाजारच्या गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या दादांकडे डबा नेला, त्यांच्याकडून समजून घेतलं आणि घरी येऊन एकेक गोष्ट करून बघितली. डबा चांगला होता. त्यातलं काय कशानं चालतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते आज तुम्हाला सांगतो.

या डब्याच्या पोटात दोन कामं चालतात. पहिलं काम बारीक आवाज सावरायचं आणि थोडा मोठा करायचं. त्याला प्रीॲम्प्लिफायर म्हणतात, दुकानात नुसतं 'प्रीॲम्प' म्हणतात. माईकचा, बासचा, ट्रेबलचा नॉब, हे सगळं त्याचं. दुसरं काम त्या आवाजाला ताकद देऊन स्पीकर हलवायचं. आता बघा, माईकमधून येणारी वीज फारच थोडी असते, एका व्होल्टचे काही हजारावे भाग. मोबाईलला वायर लावली तर तिच्यातून अर्धा ते एक व्होल्टपर्यंत येते. म्हणजे मोबाईलमधलं गाणं आपल्या बोलण्यापेक्षा शेकडो पटींनी जोरात आत शिरतं. बोलणं गाण्याच्या बरोबरीला आणायचं, तर प्रीॲम्पला ते तितकंच वाढवावं लागतं. आणि वाढवताना तो निवड करत नाही. बोलण्याबरोबर वायरीतली घरघरही वाढवतो. विरजण आंबट असेल तर सगळं भांडं आंबट होतं, तसंच हे. म्हणून लक्ष द्यायचं ते सुरुवातीलाच: माईक, त्याची वायर, पिन आणि नॉब.

आता त्या शिट्टीकडे येऊ. माईकमधला आवाज स्पीकरमधून निघतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर येतो. असा फेरा सुरू झाला की शिट्टी वाजते. सभेला आम्ही स्पीकर भिंतीला लावले होते आणि मावशी त्यांच्या पुढ्यात उभ्या होत्या. चूक तिथेच होती. स्पीकर पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवायचे आणि बोलणारीनं त्यांच्या मागे उभं राहायचं. माईक तोंडापासून चार बोटांवर धरायचा. लाजून हातभर लांब धरला की नॉब वाढवावा लागतो, आणि नॉब वाढला की शिट्टी आलीच. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, त्यानंही शिट्टी येते. बोलण्यासाठी एको पूर्ण बंद ठेवायचा. भजनाला तो बरा वाटतो, पण सभेत शब्दावर शब्द चढतो. एवढं करूनही शिट्टी आली तर माईकचा नॉब थोडा खाली घ्यायचा, ट्रेबल थोडा कमी करायचा.

मग रिमोटनं आवाज कमी का झाला नाही? घरी आम्ही गाणं लावलं आणि रिमोटचं वजाचं बटण दाबलं. गाणं कमी झालं. मग माईकवर बोलत बोलत तेच बटण दाबलं. आवाज होता तेवढाच! आमच्या डब्यात रिमोट फक्त पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथच्या पट्टीला लागू आहे. माईकची वाट वेगळी आहे, ती नॉबनंच कमी-जास्त होते. बाजारात जुळवून मिळणाऱ्या पुष्कळ ॲम्प्लिफायरमध्ये असंच असतं. काहींमध्ये रिमोटनं सगळाच आवाज कमी होतो. म्हणून तुम्ही आजच तपासा. गाण्यावर एकदा, माईकवर एकदा. सभेच्या ऐन वेळी कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

त्यानंतर आम्ही खुणा केल्या. रिकाम्या खोलीत नाही, बैठकीला बायका जमल्यावर नॉब लावून बघितला आणि नीट ऐकू येतं तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. माईकच्या नॉबला लाल, गाण्याच्या नॉबला गुलाबी. रिमोटच्या वजाच्या बटणावर खड्याची टिकली चिकटवली. दिवे गेले तरी बोटाला कळतं. मोबाईलवरून काही ऐकवायचं असेल तर मोबाईलचा आवाज पाऊण भरून ठेवायचा आणि उरलेलं डब्यावर ठरवायचं. मोबाईल अगदी हळू आणि डबा जोरात असं केलं की मधली सुं-सुं मोठी होते.

आता घरघर. सतत 'गूं' असा आवाज येतो ना, तो बहुतेक वेळा आपल्या घरच्या विजेचा असतो. तो शोधायची एक सोपी रीत आहे. माईकचा नॉब शून्यावर आणा. घरघर थांबली तर दोष माईकमध्ये नाहीतर त्याच्या वायरीत. सगळे नॉब शून्यावर आणूनही चालूच राहिली तर दोष डब्याच्या आत, तो दुरुस्ती करणाऱ्यानंच बघायचा. मोबाईल चार्जरला लावलेला असताना वायरीनं गाणं लावलं आणि घरघर आली, तर चार्जर काढून बघा. पुष्कळदा तिथंच थांबते. माईकची वायर विजेच्या वायरीला खेटून, गुंडाळून नेऊ नका, लांबून न्या. आमच्या माईकच्या पिनजवळ वायरीवरची जाळी तुटली होती. दादांनी तिथं डाख दिला आणि घरघर गेली. नव्या डब्याची गरज उरली नाही.

नॉब फिरवला की खर्र-खर्र होतं, ती आतली धूळ असते. प्लग काढायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. बरंचसं साफ होतं. नाही झालं तर दुकानात त्याचा वेगळा फवारा असतो, तो मारून घ्या. खोबरेल, रॉकेल, शिवणयंत्राचं तेल यातलं काही घालू नका. त्यावर धूळ आणखी बसते.

रिमोटला आपण आपटतो, थोपटतो, तोंडानं फुंकतो. त्यापेक्षा आधी मोबाईलचा कॅमेरा सुरू करा. रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. आपल्या डोळ्यांना न दिसणारा त्याचा उजेड कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. लुकलुक दिसली म्हणजे रिमोट जिवंत आहे, मग डब्यावरची काळी काच पुसा. त्यावर हळदीकुंकवाचे डाग किंवा चिकटपट्टी असली तर उजेड आत जात नाही. हा उजेड साधारण सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि डबा तेवढीच लय ओळखतो. पण त्या काचेवर थेट ऊन पडलं तर डबा दिपून जातो. अंगणात कार्यक्रम असेल तर काचेवर पुठ्ठ्याची सावली करा.

लुकलुक दिसली नाही तर सेल बदला. जुना एक आणि नवा एक असे एकत्र घालू नका. महिनाभर वापर नसेल तर सेल काढूनच ठेवा. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, कोरड्या कापडानं भुकटी पुसा आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरनं घासा. एकच बटण चालत नसेल तर ते आतून झिजलेलं असतं. रिमोट उघडून आतला रबर साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पूर्ण वाळवायचा. आतली पट्टी कोरड्या कापसानं हलकेच पुसायची. तरीही चालेना, तर बटणाखालच्या काळ्या ठिपक्याएवढा ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं त्या ठिपक्यावर लावायचा. आमचं वजाचं बटण आता तसंच चालतं.

पण एक गोष्ट अगदी कान देऊन ऐका. या डब्यांबरोबरच्या चपट्या रिमोटमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, बहुतेक २०२५ नंबरचा. दोन सेंटीमीटर रुंद, चकचकीत. लहान मूल तो तोंडात घालतं. घशात अडकला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजते, जिवावर बेतू शकतं. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, केळं-भाकरी भरवू नका, लगेच एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या आणि गोल सेल गिळला असं स्पष्ट सांगा. जुना सेल कचऱ्यात उघडा टाकू नका, चिकटपट्टीत गुंडाळा. रिमोटचं झाकण सैल असेल तर त्यालाही पट्टी लावा.

दुसरी काळजी विजेची. डब्याला किंवा माईकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा. खटका बंद करा, मग प्लग काढा, वायरमनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापू नका, ती आपल्या जिवासाठी असते. डब्याचं झाकण आपण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते. ओल्या हातानं काहीच नाही. सुरू करताना आणि बंद करताना सगळे नॉब शून्यावर ठेवा, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही.

आणि आवाज किती? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्यावर स्पीकर लावता येत नाही, दिवसाही परवानगी लागते. पण नियम बाजूला ठेवला तरी शेजारी कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाची परीक्षा असते. शेवटच्या रांगेतल्या बाईला शब्द कळला की पुरे.

आता आमच्या गटात पाळी आहे. दर बैठकीला एकजण डबा सांभाळते, दुसरी तिच्याकडून शिकते. पेन ड्राइव्ह लावायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागत नाही. पुढच्या महिला सभेला स्पीकर पुढे ठेवले, मावशी मागे उभ्या राहिल्या. लाल ठिपक्यावर नॉब होता आणि नॉबवर आमच्यातलीच एक बसली होती. मावशींचा हात थरथरत होता, पण पाण्याचा प्रश्न त्यांनी सगळा विचारला, कधीपासून, किती घरं, कोणता व्हॉल्व्ह. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पाणी लगेच आलं, असं आम्ही म्हणणार नाही. पण तो प्रश्न सभेच्या वहीत लिहिला गेला, आणि ती वही आता पुढच्या ग्रामसभेत उघडावी लागणार आहे.

तेव्हा ताईंनो, आज दिवेलागणीला एवढंच करा. तो डबा काढा, माईक लावा आणि रिमोटनं माईकचा आवाज कमी होतो की नाही ते बघा. मुलीलाही जवळ बसवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या डब्यात काय सापडलं ते आम्हाला सांगा.