शांतता म्हणजे रस्ता बंद नव्हे

फोन लावला आणि कोणी उचलला नाही, तरी पलीकडे घंटा वाजली एवढे कळते. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, ही सोय नाही. हाकेला उत्तर आले नाही, तर कारणे तीन संभवतात. लहरी तिथवर पोहोचल्याच नाहीत, पोहोचल्या पण ऐकायला कोणी बसलेले नव्हते, किंवा आपल्याच अँटेनात खोट आहे. यांतले नेमके कारण कोणते, हे ओळखायला आज इंटरनेटवरचे नकाशे मदत करतात.

लघुलहरी दूर जातात त्या आयनांबरामुळे. जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवरचा हा थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतो. तो घडतो सूर्यामुळे. म्हणून दिवस-रात्र, ऋतू आणि सौर डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र यांप्रमाणे तो बदलत राहतो. सकाळी चाललेला पट्टा रात्री चालेलच, असे नाही.

या बदलांचा माग काढण्यासाठी जो टेलर यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही पद्धत आणली. टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ, आणि स्वतः हॅम. यात प्रक्षेपण सम मिनिटाला सुरू होते आणि सुमारे १११ सेकंद चालते. संदेशात तीनच गोष्टी असतात : कॉल साइन, नकाशावरचा चौकोन आणि शक्ती. पुण्याचा चौकोन एमके ६८. ठिकठिकाणचे संगणक हा संदेश आपोआप टिपतात आणि तो किती डेसिबलने आला हे इंटरनेटवर नोंदवतात. मोर्ससाठी असेच काम रिव्हर्स बीकन नेटवर्क करते, तर एफटी ८ सारख्या डिजिटल पद्धतींसाठी पीएसके रिपोर्टर आहे.

अँटेनाची परीक्षाही यातून होते. माझ्याच गावातला दुसरा हॅम त्याच वेळी, त्याच पट्ट्यावर दूरवर ऐकू येत असेल आणि शक्ती सारखी असूनही मी येत नसेन, तर दोष आकाशाला देण्यात अर्थ नाही. मुकाट्याने गच्चीवर चढावे.

पण नकाशा वाचताना थोडे भान हवे. ही पद्धत कानाला मुळीच न कळणारा संदेशही गोंगाटातून शोधून काढते. समजा, माझे ०.२ वॉटचे प्रक्षेपण युरोपात उणे २० डेसिबलने नोंदले गेले. तेवढ्या संकेतावर बोलणे होणार नाही. शक्ती १०० वॉट केली, म्हणजे ५०० पट वाढवली, की २७ डेसिबलची भर पडते. बाकी सारे तसेच राहिले तर संकेत अधिक ७ वर येतो, आणि मग आवाज जेमतेम समजू लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रात्री ७ मेगाहर्ट्झवर पुण्याहून युरोप गाठता येतो, पण कोल्हापूर हाताला लागत नाही, असे होऊ शकते. लहर जवळच्या गावावरून उडी मारून पलीकडे जाते. अशा वेळी ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कामी येऊ शकतो. एरवी ही गंमत वाटेल, पण पुराच्या रात्री हाच प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दूरध्वनी कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये आधीपासून असलेल्या हॅम मंडळींनीच निरोप पोहोचवले. त्या घटकेला कोणता पट्टा कुठवर जातो, हे शोधत बसायला सवड नसते. शिवाय संकटात इंटरनेटही जाते. म्हणून ऋतूंप्रमाणे, तासांप्रमाणे नकाशे आधीच पाहून एका वहीत टिपून ठेवावेत.

आणि नकाशावर रेघ नाही, म्हणजे मार्ग नाही, असेही समजू नये. जिथे ऐकणारे केंद्र नाही, तिथून नोंद येणार कशी? कोल्हापूरपर्यंत आपला संकेत पोहोचतो की नाही हे पुण्याला कळायचे, तर कोल्हापुरात कोणीतरी ऐकत असायला हवे. म्हणून परवानाधारक हॅम मित्रांना माझे सांगणे एवढेच, की प्रक्षेपणाइतकेच ऐकण्यालाही महत्त्व द्या. जिल्ह्याच्या गावी एक साधा रिसीव्हर, एक तार आणि एक जुना संगणक कायम चालू ठेवा. तुमच्या एका नोंदीमुळे दुसऱ्या कुणाला आपली हाक पोहोचल्याचे कळेल.